घसारा

लावणी करताना बाई मागे मागे सरकते. पुढे गेली तर आत्ताच लावलेली रोपं तिच्याच पायाखाली यायची. गुडघे ताठ, कंबरेतून दुमडलेली, डाव्या हातात तरव्याची मूठ. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी चार-चार रोपं चिखलात रोवायची, मग अर्धं पाऊल मागे. गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या शेतांत आषाढात हे सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत चालतं. पाठीवर प्लास्टिकची खोळ, तिच्यावर पाऊस. पस्तिशीत कंबर धरते. पन्नाशीत बसलेली बाई एका दमात सरळ उभी राहू शकत नाही. दवाखान्यात चल म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘लावणी जावं दी, मागीर पळोवया.’ लावणीमागून बेणणी येते, बेणणीमागून कापणी, जिथे पाणी आहे तिथे लगेच वायंगणाचं दुसरं भात. तो ‘मागीर’, म्हणजे ‘नंतर’, काही येत नाही.

पायांचं तर विचारूच नये. माझ्या काकीचे पाय मी जवळून पाहिलेत. बोटांच्या बेचक्यांतली कातडी भिजून पांढरी पडलेली, सोललेली, आत लाल मांस. रात्री ती मेंदीचा पाला वाटून चिखल्यांत भरायची. टाचांच्या भेगांसाठी भिरंडेल. कोकमाच्या बियांचं ते घट्ट तेल दिव्यावर वितळवून ती भेगेत सोडायची, श्वास आत ओढायची आणि लगेच दुसरी टाच पुढे घ्यायची. सकाळी पाय पुन्हा त्याच पाण्यात. गमबूट घाला म्हणणाऱ्याने एकदा लावणीच्या चिखलात चालून बघावं. बूट तिथेच रुतून राहतो.

या भेगा म्हणजे जंतूंना उघडी दारं. शेतातल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचे, जंतू येतात आणि फुटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. लेप्टोची खूण काय, तर ताप आणि पोटऱ्या दुखणं. लावणीच्या दिवसांत कुणाच्या पोटऱ्या दुखत नाहीत? ‘काम केलं म्हणून दुखतंय’ म्हणून बाई गोळी घेते, आल्याचा काढा पिते, डोळे पिवळे झाले की मग बांबोळीच्या सरकारी इस्पितळात धावाधाव. मला ही गोष्ट फार छळते. दुखणं सोसण्याची इतकी सवय या शरीरांना लावलेली आहे, की खरा धोका आला तरी तो रोजच्या दुखण्यात मिसळून जातो.

डोंगरावरच्या काजूची तऱ्हा वेगळी. बीच्या टरफलातलं तेल लागलं की कातडी भाजल्यासारखी उतते. बोंडू गोळा करणाऱ्यांना वाळल्या पाल्यातच वावरावं लागतं, आणि तिथेच गोचिडी. शेजारच्या सत्तरीत २०१५ साली गोचिडींतून पसरणारा माकडताप आला, तेव्हा काजूच्या बागांत जाणाऱ्यांनाच तो जास्त भोवला.

डिचोलीत शेतीतल्या दुखण्यांचा हा विषय आणखी टोचतो, कारण तिथे शेत आणि खाण शेजारी शेजारी आहेत. मये, मुळगाव, शिरगावकडे एकाच घरातला एक जण खाणीवर आणि दुसरी शेतात, हे काही नवल नव्हे. खाणीवरच्या माणसाला १९५२ च्या खाण कायद्याने ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी मिळवून दिली. १९४८ च्या कारखाना कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला सांभाळलं. जगातल्या सर्वांत धोक्याच्या कामांत खाण आणि बांधकामाबरोबर शेतीही येते, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटना सांगते. तरी शेतात वाकलेल्या बाईला अमुक वर्षांनी तपासा, असं म्हणणारा कायदा नाही. जिच्या शेतात खाणीचा गाळ उतरला, तिला तो उपसायलाही तीच पाठ वाकवावी लागली.

भाताचा उत्पादनखर्च काढताना कृषिमूल्य आयोग अवजारांचा घसारा धरतो. घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरीही एका हिशेबात लावतो. पॉवर टिलर दरवर्षी झिजतो, हे कागदावर मान्य आहे. तो चालवणाऱ्याचे खांदे आणि पुढे लावणी करणारीचे मणके यांची झीज मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. ती घरच्यांनी पुढे औषधपाण्यात फेडायची. पुराने भात आडवं झालं तर पंचनामा होतो, शेतकरी आधार निधीतून काही ना काही हातात पडतं. बाई आडवी झाली तर ते तिचं वय.

एका दवाखान्यात काकीच्या केसपेपरवर व्यवसायापुढे ‘गृहिणी’ लिहिलं होतं. विचारलंच नव्हतं. डॉक्टरनेही मग गुडघ्यांना वजन कमी करा, जास्त वाकू नका, एवढंच सांगितलं. त्या जागी ‘शेतकरी’ लिहिलं गेलं पाहिजे, किती पावसाळे लावणी केली हे विचारलं गेलं पाहिजे. आणि पावसाच्या तोंडावर विभागीय कृषी कार्यालयात बियाण्यासाठी माणसं येतात, तिथेच एक डॉक्टर बसवावा: पाय बघायला, पाठ बघायला, आणि पोटऱ्या दुखून ताप आला तर त्याच दिवशी या, हे बायकांना समोर बसवून सांगायला.