एक्क्यांचं फुल हाउस

लास वेगासमध्ये व्हिडिओ पोकरच्या मशीनचं नाव वाचून काहीच कळत नाही. 'जॅक्स ऑर बेटर' ही पाटी शेजारशेजारच्या दोन मशीनांवर असते, रंग तेच, बटणं तीच, पत्तेही तेच बावन्न. फरक असतो पडद्याच्या वरच्या भागात, बारीक अक्षरांतल्या तक्त्यात. एका नाण्यामागे फुल हाउसला (तीन सारखी आणि दोन सारखी पानं) ९ आणि फ्लशला (पाचही पानं एकाच जातीची) ६ देणारं मशीन असेल, तर बिनचूक खेळणाऱ्याला शंभर डॉलरमागे सरासरी ९९.५४ परत मिळतात. त्याच दोन ओळींत ८ आणि ५ असतील तर ९७.३०. ६ आणि ५ असतील तर ९५. बाकीचा तक्ता जसाच्या तसा. सगळी लबाडी त्या दोन ओळींत, आणि लबाडी तरी कशी म्हणायची, उघड लिहिलेलीच असते ती.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही वेगासला लागून असलेल्या हेंडरसनला राहायला आलो, तेव्हा मला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. इथे किराणा दुकानातही ही मशीनं असतात. दूध, पाव, कोथिंबीर असलेली ढकलगाडी बाजूला उभी करून बटणं दाबत बसलेली माणसं पाहून पहिल्यांदा मला त्यांची कीवच आली होती. मी कॉलेजात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. अपेक्षित मूल्य म्हणजे काय, हे बी.एस्सी.च्या मुलांना फाशांची आणि पत्त्यांची उदाहरणं देऊन घोकून घेतलं. त्यामुळे शेजारच्या आजींनी (अमेरिकन, नवरा गेल्यापासून रोज सकाळी खेळायला जाणाऱ्या) मला पहिल्यांदा सोबत नेलं, तेव्हा मी जुगार खेळायला गेलेच नव्हते. मी गणित बघायला गेले होते. निदान घरी तसं सांगितलं होतं.

खेळ साधा. पाच पानं येतात, हवी ती धरायची, नको ती टाकायची, बदली पानं एकदाच मिळतात, आणि गुलामांच्या किंवा त्याहून वरच्या जोडीपासून पैसे मिळायला लागतात. समोर माणूस नाही, त्यामुळे थापेबाजी नाही. नेवाडाच्या नियमाप्रमाणे पडद्यावरच्या पत्त्यांच्या शक्यता खऱ्या कॅटसारख्याच असाव्या लागतात. पाच पानं धरायचे-टाकायचे प्रकार ३२. म्हणजे कुठलाही हात आला तरी त्या बत्तिसांतलं सर्वांत फायद्याचं उत्तर आधीच काढून ठेवता येतं, आणि लोकांनी ते काढून ठेवलेलं आहे. त्याचं खिशात मावणारं कार्ड विकत मिळतं. ते मांडीवर उघडं ठेवून खेळलं तरी कॅसिनोवाले हरकत घेत नाहीत. का घेत नाहीत, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

माझी पहिली खोड माहेरून आलेली. दिवाळीत आमच्याकडे तीन पत्ती रंगायची, आणि एक्का हातातून सोडायचा नाही हे तेव्हाच अंगात मुरलं. इथे गुलामांची जोडी आली आणि बाजूला एक्का असला, की मी तिन्ही पानं धरायची. नुसती जोडी धरली तर नाण्यामागे १.५४ ची अपेक्षा असते, एक्कासुद्धा धरला तर १.४२. समोर कोणी नाही, तर एक्का दाखवून घाबरवणार कोणाला? कार्डावर हे लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. हात ऐकत नसे.

दुसरी खोड काटकसरीची. पैसे जायला लागले, की मी पाच नाण्यांवरून एकावर यायची, सावधपणा म्हणून. पण पाच नाणी लावली तरच रॉयल फ्लशला (एकाच जातीची, दश्शीपासून एक्क्यापर्यंतची पाच पानं) नाण्यामागे ८०० मिळतात. एकच लावलं तर २५०. २५ सेंटच्या मशीनवर हा फरक १००० डॉलर आणि साडेबासष्ट डॉलर असा आहे. तेवढ्याने परतावा एक टक्क्याहून जास्त घसरतो. त्या दिवसांत रॉयल आला नाही, हेच माझं नशीब.

खरा पसारा झाला तो 'डबल डबल बोनस'पायी. जॅक्स ऑर बेटर मला मिळमिळीत वाटायला लागला होता. चार सारखी पानं आली की २५, मग ती चार एक्के असोत की चार सत्त्या. डबल डबल बोनसमध्ये चार एक्क्यांना १६० मिळतात, आणि पाचवं पान दुर्री, तिर्री किंवा चौकी असेल तर ४००. हे पैसे येतात कुठून, ते तक्त्यात बघितलं की लगेच सापडतं: जॅक्स ऑर बेटरमध्ये दोन जोड्यांना २ मिळतात, इथे १. शंभरांतल्या बाराएक हातांचा शेवट दोन जोड्यांत होतो. त्या प्रत्येक वेळी एक नाणं कापून घ्यायचं आणि साठलेला ढीग कधीमधी चार एक्केवाल्याच्या पदरात टाकायचा, असा हा भिशीसारखा कारभार. ९ आणि ६ चा तक्ता असेल तर एकूण परतावा ९८.९८. अर्ध्या टक्क्याहून थोडाच जास्त फरक. मी म्हटलं, एवढं चालतंय.

चाललं नाही, कारण तक्ता बदलला की उत्तरंही बदलतात, आणि मी जुनीच उत्तरं घेऊन गेले होते. एका दुपारी पहिल्याच वाटपात तीन एक्के आणि दोन सत्त्या आल्या. मशीनने आपणहून 'फुल हाउस' असं लिहून दाखवलं. मी पाचही पानं धरली, ९ मिळाले, म्हणजे सव्वा अकरा डॉलर, आणि खूश झाले. शेजारी बसलेल्या आजींनी मान वाकडी करून माझ्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू सत्त्या ठेवल्यास?" मला वाटलं, म्हातारीची नजर कमी झालीय.

घरी येऊन कागदावर मांडलं. दोन्ही सत्त्या टाकल्या तर उरलेल्या ४७ पानांतून दोन पानं १०८१ प्रकारे येऊ शकतात. त्यांतल्या ४६ प्रकारांत चौथा एक्का असतो: १२ वेळा दुर्री-तिर्री-चौकीसह, म्हणजे प्रत्येकी ४००, आणि ३४ वेळा नुसते १६०. पुन्हा फुल हाउस होण्याचे प्रकार ६७. उरलेल्या ९६८ प्रकारांत तीन एक्क्यांचे ३. सगळं गोळा करून भागलं तर १२.७ येतात. हातातले ९ टाकायचे आणि १२.७ ची अपेक्षा घ्यायची. आजींची नजर ठीक होती.

पण आकडा पटणं वेगळं आणि बोटाने तसं करणं वेगळं. १०८१ पैकी ९६८ म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के. बरोबर खेळलं तर दहातल्या नऊ वेळा हातचं फुल हाउस जाऊन सव्वा अकराचे पावणेचार डॉलर होतात. कोणी मागे उभं असेल तर वेड्यातच काढेल. पुढच्या खेपेला तसाच हात आला, मी छातीवर दगड ठेवून जोडी टाकली, एक नश्शी आणि एक राणी आली. उत्तर बरोबर होतं आणि मला दिवसभर चुटपुट लागून राहिली. अपेक्षित मूल्य शिकवताना ही चुटपुट मी कधी शिकवली नव्हती. मुलांनी विचारलं असतं तर 'दीर्घकालीन सरासरी' म्हणून फळ्याकडे वळले असते.

पुढे हात वळला खरा, पण नको तिथेही वळायला लागला. डबल डबल बोनसमध्ये दोन जोड्या आल्या आणि एक जोडी एक्क्यांची असली, की दुसरी जोडी मोडून नुसते एक्के धरायचे: दोन्ही जोड्यांना १.६८, नुसत्या एक्क्यांना १.९३. हे मी इतकं गिरवलं की जॅक्स ऑर बेटरवर परत आले तरी जोड्या मोडतच राहिले. तिथे दोन जोड्यांची किंमत २.६० आणि एक्क्यांची १.५४. म्हणजे दर वेळी एका अख्ख्या डावाची बोली हवेत. एका संध्याकाळी हे असं कितीदा झालं ते मला सांगता येणार नाही, कारण चूक लक्षात येईपर्यंत मी पुढच्या डावात असायची. सरावलेला माणूस तासाला ६०० डाव खेळतो. विचार करायला सहा सेकंद, त्यात पानं पडण्याचा वेळही आला.

याच वेगावर माझा घरचा बचाव उभा होता. सव्वा डॉलरचा डाव, तासाला ६०० डाव, म्हणजे ७५० डॉलर फिरतात, त्यावर ०.४६ टक्के तोटा, म्हणजे तासाला ३ डॉलर ४५ सेंट. सिनेमापेक्षा स्वस्त, असं मी नवऱ्याला ऐकवलं होतं, वर्गात ऐकवायची त्याच सुरात. तो बँकेची स्टेटमेंट घेऊन बसला तेव्हा एवढंच म्हणाला, "अगं, साडेतीनच्या हिशेबात हे बसत नाही."

बसणार कसं? त्या ९९.५४ मध्ये १.९८ टक्के एकट्या रॉयलचे असतात आणि रॉयल येतो सरासरी ४०,३९० डावांतून एकदा, तासाच्या वेगाने मोजलं तर सदुसष्ट तासांनी. मधल्या काळात तुम्ही ९७.५६ चा खेळ खेळत असता, तासाला अठरा डॉलर घालवत. शिवाय प्रमाण विचलन म्हणून एक चीज आहे, जी मी दर वर्षी शिकवायची: एका तासाच्या खेळात ते १३५ डॉलरच्या आसपास जातं, डबल डबल बोनसमध्ये दोनशेच्या घरात. त्या हेलकाव्यांत साडेतीन डॉलर दिसणारच नाहीत. हे सगळं मला येत होतं. नवऱ्याला मी फक्त पहिली ओळ सांगितली होती.

आणि एक गोष्ट त्यालाच काय, स्वतःलाही सांगितली नव्हती. ९/६ चं मशीन रिकामं नसलं, की मी 'तोपर्यंत' म्हणून शेजारच्या ८/५ वर बसायची. तिथे बिनचूक खेळलं तरी तासाला वीस डॉलर जातात. खुर्ची रिकामी व्हायला कधी दहा मिनिटं लागत, कधी अख्खी दुपार. उठून कॉफी प्यायला जाणं मला का सुचत नसे, याचं उत्तर संख्याशास्त्रात नाही.

आता ८/५ वर बसत नाही. एका दिवशी एकच खेळ, दुसऱ्याला हात लावायचा नाही. सरावाचा प्रोग्रॅम घरीच कॉम्प्युटरवर आहे. चुकीचं पान धरलं की तो तिथल्या तिथे चूक दाखवतो आणि तिची किंमतही सांगतो. कधी कधी मला तेवढंच पुरतं. कधी नाही पुरत, मग आजींच्या गाडीत बसते.

रॉयल अजून आलेला नाही. ४०,३९० डाव खेळूनही एकदाही न येण्याची शक्यता ३७ टक्के असते, असं मी परवा जेवताना सांगितलं.

"आणि त्याच्या पुढच्या ४०,३९० मध्ये?" नवऱ्याने विचारलं.

"तीही ३७ टक्केच."

"अगदी तेवढीच?"

"अगदी तेवढीच," म्हटलं आणि आमटी वाढली.