कबुली

माणसाने स्वतःच्या तोंडाने अपराध कबूल केला की मग पुराव्याचे कारण ते काय, असे आम्ही पुष्कळ वर्षे मानीत आलो. आमच्या बाळपणी घरच्या पोऱ्याने, चार वडीलधाऱ्यांनी दरडावल्यावर, आईची पाटली चोरल्याचे असेच कबूल केले होते. महिन्याभराने ती कणगीत सापडली. तोवर पोऱ्या गाव सोडून गेला होता.

इंग्लंडात लेस्टरजवळ १९८३ व १९८६ साली दोन मुलींचे खून झाले. १७ वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्याची कबुली दिली. ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली डीएनएच्या ठशांची रीत शोधली होती. डीएनएतील काही तुकडे पुनःपुन्हा येतात, आणि किती वेळा येतात ते, एकसारखी जुळी भावंडे सोडली तर, माणसागणिक निराळे असते. ठसे ताडून पाहता दोन्ही खून एकाच्याच हातचे, आणि तो हा मुलगा नव्हे, असे निघाले! येथे आम्ही वाचता वाचता थांबलो.

पुढे पंचक्रोशीतल्या हजारो पुरुषांचे रक्त तपासले. खऱ्या खुन्याने आपल्याऐवजी सोबत्याला धाडले होते. मद्यगृहातल्या गप्पांत ते फुटले आणि १९८८ साली त्याला जन्मठेप झाली.

ती पाटली आईने पुन्हा हाती घातली नाही.