रंग पॅसेंजरचा, ओझे खडीचे

ब्रिटनमध्ये इंजिनाचा रंग म्हणजे कंपनीचा गणवेश. तिकडे प्रवासी गाड्या चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, मालगाड्या ओढणाऱ्या वेगळ्या, आणि रूळ सांभाळणारी नेटवर्क रेल ही संस्था आणखी वेगळी. त्यामुळे प्रवासी कंपनीच्या झकपक रंगातले इंजिन खडीचे वॅगन ओढत निघाले, की रुळाकाठी कॅमेरे घेऊन उभे राहणाऱ्या शौकिनांची चंगळ होते. असे शौकीन त्या देशात पुष्कळ आहेत. थंडी-पावसात तासन्‌तास उभे राहतात.

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे. इंजिनाशी आमचा संबंध कोकण रेल्वेच्या प्रवासापुरता. पण आमचा भाचा सिव्हिलचा डिप्लोमा करून बर्मिंगहॅमला पुढे शिकायला गेला, तिथेच राहिला, आणि आता रूळदुरुस्तीच्या टोळीत रात्रपाळी करतो. गेल्या हिवाळ्यात त्याने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. निळ्या-जांभळ्या छटांचे देखणे इंजिन, बाजूला पिवळे जाकीट घातलेला तो. आमच्या आपाने तो फोटो सगळ्या खानदानात फिरवला. “माशाअल्लाह, एक्स्प्रेस गाडीवर आहे माझा मुलगा!”

इंजिनामागे काय जोडले होते, ते फोटोच्या कडेला जेमतेम दिसत होते. खडीचे वॅगन.

आम्ही त्याला फोन करून विचारले, तेव्हा त्याने फार मजेशीर हकिकत सांगितली. ते इंजिन ‘क्लास ६८’ जातीचे, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या कारखान्यातले, ताशी १६० किलोमीटर धावू शकणारे. अशी १४ इंजिने ट्रान्सपेनाइन एक्स्प्रेस या प्रवासी कंपनीने नव्या डब्यांच्या गाड्यांसाठी भाड्याने घेतली होती, मूळ मालगाड्या चालवणाऱ्या डीआरएस नावाच्या कंपनीकडून. लिव्हरपूल ते स्कारबरोसारख्या मार्गांवर २०१९ पासून ती धावली. २०२३ च्या डिसेंबरात त्या गाड्या बंद केल्या गेल्या. डबे उभे राहिले, पण इंजिनाला काय, ते कुठेही जुंपता येते. डीआरएसचा जन्मच १९९५ साली अणुइंधनाच्या वाहतुकीसाठी झालेला. तिच्याकडे कंटेनर आहेत, दुरुस्तीच्या गाड्या आहेत. इंजिने तिकडे लागली, अंगावर रंग मात्र जुनाच. रंगवायचे तर इंजिन कामावरून काढून शेडमध्ये उभे करावे लागते, पैसा जातो तो वेगळाच. मग नाव तेवढे खरवडायचे आणि चालू लागायचे.

असेच लंडन-नॉर्विच मार्गावरच्या ‘क्लास ९०’ विजेच्या इंजिनांचे झाले. २०२० च्या मार्चमध्ये ती प्रवासी सेवेतून निघाली आणि त्यांतली १३ फ्रेटलायनर या कंटेनरवाल्या कंपनीने घेतली. ग्रेटर अँग्लियाच्या पांढऱ्या रंगातच ती कंटेनर ओढू लागली. त्यांना फेलिक्सस्टो बंदरापर्यंत मात्र जाता येत नाही, कारण त्या फाट्यावर विजेची तारच नाही. डिझेल इंजिनाने गाडी इप्सविचपर्यंत आणून द्यायची, मग या बाईसाहेब पुढे नेणार.

दुरुस्तीच्या गाड्यांची गोष्ट आम्हाला अधिक भावली. शनिवारी रात्री मार्ग बंद करून टोळीच्या ताब्यात देतात. मार्ग बंद म्हणजे त्यावरच्या प्रवासी गाड्याही बंद, म्हणजे त्यांची इंजिने मोकळी. पूर्वी ब्रिटिश रेल एकच होती तेव्हा तर हे सर्रास चाले. आठवडाभर साहेबलोकांना कचेरीत पोहोचवणारे इंजिन रविवारी त्याच रुळांची खडी ओढायला हजर. १९८६ च्या जूनमध्ये लंडनच्या आसपासच्या गाड्यांसाठी ‘नेटवर्क साउथईस्ट’ हा विभाग निघाला. लाल, पांढऱ्या, निळ्या पट्ट्यांचा त्याचा रंग इतका भडक, की स्थानकांवरचे दिव्यांचे खांबसुद्धा लाल रंगवले. त्या पट्ट्यांतली ‘क्लास ५०’ इंजिने शेवटच्या वर्षांत दुरुस्तीच्या गाड्यांना जोडलेली दिसत.

या पन्नासांतल्या एकाची कथा उलटी आहे. ‘डिफायन्स’ नावाच्या इंजिनाला १९८७ साली मुद्दाम मालगाडीचा करडा रंग दिला, गिअर बदलून वेग कमी करून ओढण्याचा जोर वाढवला, क्रमांकही बदलला, आणि कॉर्नवॉलमध्ये चिनी मातीच्या वाहतुकीवर पाठवले. दोन वर्षांत पुन्हा जुना क्रमांक देऊन प्रवासी कामावर आणले. बदली आणि समायोजन फक्त शिक्षकांचेच होते असे आम्हाला वाटत असे!

बाकी रंग कुठलाही असो, एक फरक पोटात असतो. प्रवासी इंजिनात डब्यांना ऊब आणि उजेड देण्यासाठी वीज पुरवण्याची सोय असते. खडीच्या गाडीला तिचा काय उपयोग? ती सोय नुसती पडून राहते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. भाच्यासाठी कल्याणहून रिश्ता आला होता. मुलीचे वडील मध्य रेल्वेच्या शेडमधून निवृत्त झालेले. आपाने चहाबरोबर तो फोटोही पुढे केला आणि मुलगा एक्स्प्रेसवर असल्याचे सांगितले. आमच्या पोटात गोळा आला. रेल्वेच्या माणसासमोर हे चालणार नव्हते. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून पाहिला, आणि सावकाश म्हणाले, “आपा, मागे हॉपर आहेत. ही खडीची गाडी.”

आपाचा चेहरा उतरला. ती काही सावरून बोलण्याआधी आम्हीच सांगून टाकले की मुलगा रुळावर काम करतो, रात्री, थंडीत. रोजी हलालीची आहे, पगार वेळेवर आहे, आणि एक्स्प्रेस त्याच्यावरून जाते, तो तिच्यावर नाही. आपा दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. तिचेही चूक म्हणवत नाही. मुलाला परदेशी पाठवताना दागिने मोडलेली बाई आहे ती. “रुळावर खडी टाकतो” हे चारचौघांत सांगायला तिची जीभ वळत नव्हती.

भाईसाहेबांना मात्र खडीचे काहीच वाटले नाही. त्यांना इंजिनाचे पडले होते. ‘क्लास ५०’ व्हल्कन फाउंड्रीत बांधली हे आम्ही सांगताच ते खुर्चीत पुढे सरकले. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणारी इंजिने त्याच कारखान्याची, आणि त्यांनी स्वतः हाताळलेली जुनी डब्ल्यूसीएम-१ सुद्धा. “त्या नावातला एम म्हणजे मिश्र काम,” ते म्हणाले. “पॅसेंजरही ओढायचे, मालही. इंजिनाला कसली लाज?”

मग त्यांनी मुलाचा नंबर मागितला. पहिल्याच फोनवर तासभर बोलणे झाले. आपा दाराआडून ऐकत होती. लग्नाचा विषय त्यात एकदाही निघाला नाही. ब्रेक, उतार आणि रात्री खडी ओतताना इंजिन माणसाच्या चालीने कसे चालवतात, एवढेच. फोन ठेवून भाईसाहेबांनी मुलीला हाक मारली आणि विचारले, बर्मिंगहॅमला थंडी किती पडते, याची चौकशी केलीस का?