कापडावरचा निळा रंग

आमच्या घरच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, एक गर्द निळी प्रीमियर पद्मिनी उभी असते. वडिलांनी ती १९८७ साली घेतली. त्या काळी आमच्या आळीत मोटारगाडी असलेली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यामुळे ती गाडी जितकी आमची, तितकीच आळीचीही होती. तिच्यातून नवऱ्यामुली चर्चला गेल्या, बाळंतिणी इस्पितळात गेल्या, आणि आम्ही सेमिनरीत दाखल झालो तेव्हा आमची ट्रंकही तिच्याच टपावरून गेली. मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निरोप घेतला. आमची निळी मात्र नोंदणीचे नूतनीकरण करीत अजून चालते आहे.

गेल्या जानेवारीत आमच्या पुतणीचा विवाह होता. चर्चला जाईन तर आजोबांच्याच गाडीतून, असा तिने हट्ट धरला. वडील सुखावले. परंतु गाडी उन्हात काढली तेव्हा सर्वांचेच चेहरे उतरले. टपावर राख शिंपडावी तशी पांढुरकी झाक आली होती आणि बॉनेटवर ऊन पडताच कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे गोलगोल चमकू लागले. पॉलिश करावयास हवे, यावर दुमत नव्हते. दुमत झाले ते कशाने, यावर. धाकटे बंधू म्हणाले, "गॅरेजात देऊ. मशीनने दोन तासांत आरसा होईल." वडील म्हणाले, "माझ्या गाडीला मशीन लागायचं नाही. आजवर तिला हातानंच केलंय." आणि मग दोघांनीही आमच्याकडे पाहिले. घरच्या भांडणांत निवाडा देण्याची धर्मगुरूला सवय असते. रंगाच्या पॉलिशवर निवाडा देण्याची पाळी मात्र आमच्यावर प्रथमच आली.

खरे सांगावयाचे तर आमचे मन आधीच वडिलांच्या बाजूने झुकले होते. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, तेथील जीप आम्ही सणाच्या आदल्या दिवशी एका गॅरेजात पॉलिशसाठी दिली होती. एका कोवळ्या पोराच्या हाती यंत्र देऊन त्याला घाई करण्यास सांगण्यात आले. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात जीप झळकत होती. सकाळी उन्हात पाहिले, तर बॉनेटभर यंत्राच्या चकतीचे मागोवे उमटलेले आणि कडेवर रुपयाएवढा रंग जळून आतला करडा प्राइमर उघडा पडलेला. त्या दिवसापासून हात म्हणजे माया आणि यंत्र म्हणजे घाई, असे सोपे समीकरण आम्ही मनाशी बांधून ठेवले होते. तथापि निवाडा देणाऱ्याने दोन्ही बाजू ऐकाव्यात, म्हणून आम्ही गाडी घेऊन आमच्या भागातील एका वयस्क रंगारी मिस्त्रींकडे गेलो. त्यांचे आयुष्य डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेले आहे.

आमचा प्रश्न ऐकून ते हसले. "फादर, हात की मशीन हे नंतर. आधी रंग किती उरलाय ते बघू. पॉलिश ही लावायची वस्तू नाही, काढायची वस्तू आहे."

हे वाक्य आम्हांस प्रथम उमगले नाही. मिस्त्रींनी ते धीराने समजावून सांगितले. आपण ज्याला चकाकी म्हणतो, ती म्हणजे पृष्ठभागाचा सपाटपणा. रंग सपाट असला की प्रकाश सरळ परततो व आपला चेहरा त्यात दिसतो. ओरखडे असले की प्रकाश विखुरतो व रंग धुरकट भासतो. ओरखडा ही एक दरी आहे. ती बुजवता येत नाही. म्हणून तिच्या भोवतालचे पठारच तिच्या तळापर्यंत खाली आणावे लागते. रबिंग कंपाउंडमध्ये जे बारीक कण असतात, ते हेच काम करतात. तेलकट पॉलिश चोळून ओरखडे झाकता येतात खरे; परंतु चार वेळा गाडी धुतली, की ते पुन्हा डोके वर काढतात. मेण लावणे ही आणखी निराळी गोष्ट. ब्राझीलमधील कार्नोबा नावाच्या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरून जे मेण मिळते, ते गाडीसाठी नावाजलेले आहे. मेण रंग काढीत नाही. ते वर बसून पाणी व खारे वारे अडविते. थोडक्यात, पॉलिश घेते आणि मेण राखते. आपण दोन्हींना एकाच नावाने हाक मारतो, तेथेच घोटाळा होतो.

आणि घ्यावयाला असते तरी किती? गाडीचा कारखान्यातला सगळा रंग, प्राइमरसकट, साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दोन केस एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल, तेवढ्यात सगळा संसार. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो आणि तो एका केसाहूनही पातळ असतो. पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांवर तोही नाही. तिथे वर दिसतो तो थेट रंगच. उन्हाने त्यातले बांधून ठेवणारे द्रव्य झिजते आणि रंगाची पूड सुटी होऊन खडूसारखी वर येते. टपावरची राख ती हीच.

हात आणि यंत्र हा वाद तसा मोटारीइतकाच जुना म्हणावा लागेल. आरंभीच्या गाड्यांना घोडागाडीसारखे ब्रशने वॉर्निशचे हात देत, प्रत्येक थर वाळू देत, हाताने घाशीत. यात आठवडेच्या आठवडे जात. १९२३ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या 'ड्युको' नावाच्या नव्या रंगाने ओकलंड गाड्या रंगवल्या गेल्या आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आमच्याकडील जुने रंगारी अजूनही फवाऱ्याने रंग देण्याला 'ड्युको मारणे' म्हणतात, ते त्याच नावावरून. यंत्र आले म्हणून हात गेला नाही. त्याचे काम बदलले.

मिस्त्रींनी आम्हांला दोन यंत्रे दाखविली. पहिल्याची चकती एकाच आसाभोवती गरगर फिरते. ती जबर कापते. पण एका जागी क्षणभर जास्त टेकली तर रंग तापतो, आणि कडेवर टेकली तर सगळा जोर एका रेषेवर येतो. कडेवर रंग मुळातच पातळ असतो, कारण ओला रंग धारदार कडेपासून मागे सरकतो. आमची जीप भाजली ती तिथे. दुसऱ्या यंत्राची चकती फिरता फिरता आपल्या आसासह लहानशा वर्तुळात हेलकावते. तिच्यावर फाजील जोर दिला तर तिचे फिरणेच थांबते. म्हणून ती शिकाऊ हातालाही बरीचशी सांभाळून घेते.

"आणि हात?" आम्ही विचारले.

"हात सगळ्यांत हळू, म्हणून रंग तापत नाही. पण हात काही साधा भोळा नाही, फादर. बोटांखाली जोर जास्त, तळव्याखाली कमी. कापडात एक वाळूचा कण राहिला, तर हातच शंभर ओरखडे काढतो. ही बॉनेटवरची जाळी मशीनची नाही. ती फडक्याची आहे."

आम्ही चपापलो. सेमिनरीत श्रमदानाच्या तासाला आम्ही गाड्या धूत असू, एक बादली आणि एक फडके घेऊन. खाली मडगार्डवरची माती पुसलेले तेच फडके त्याच पाण्यात बुडवून पुन्हा बॉनेटवर गोलगोल फिरवीत असू आणि परिश्रमाचे समाधान मानीत असू.

मग मिस्त्रींनी खिशातून एक लहानसे उपकरण काढले. पत्र्यावर टेकविले की ते रंगाची जाडी सांगते. गाडीला पुन्हा कधीही रंग दिलेला नव्हता, त्यामुळे आकडे सर्वत्र जवळजवळ सारखे येतील, असे आम्ही गृहीत धरले होते. टपाच्या मध्यभागी १३० आले. डिकीवर १२०. दारांवर ९०. चालकाच्या बाजूने बॉनेटवर ५५. आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला, जिथे निळ्या रंगातून तांबूस प्राइमर डोकावत होता, तिथे ३०.

मिस्त्री म्हणाले, "इथे कोणीतरी खूप वर्षे घासलंय."

ते कोण, हे सांगावयास नको होते. दर शनिवारी संध्याकाळी वडील रबिंगचा डबा व जुन्या धोतराचे फडके घेऊन गाडीपाशी बसत. उजव्या हाताने, बॉनेटच्या त्याच बाजूपासून, ते प्रारंभ करीत. वडिलांची उंची बेताची. टपाच्या मध्यावर त्यांचा हात कधी पोहोचलाच नाही. थोड्या वेळाने फडके निळे होई. ते आमच्यापुढे धरून ते म्हणत, "बघ, किती मळ निघाला!" आम्ही मुले कौतुकाने ते फडके पाहत असू. तो मळ नव्हता. वरची मेलेली पूड प्रथम निघे. पण त्यानंतर जो निघे, तो चांगला रंग होता. ज्या जागेवर मायेचा हात सर्वांत जास्त फिरला, तीच जागा सर्वांत झिजली होती. आणि जिथे तो पोहोचला नाही, तिथे रंग शाबूत होता, फक्त राखेखाली झाकलेला.

आमचे समीकरण तिथेच मोडले. वेदीवरच्या चषकाला आतून सोन्याचा मुलामा असतो. तो पावडरीने घासू नका, मऊ कापडाने टिपा, असे चर्चची पात्रे सांभाळणाऱ्यांना आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. घरच्या गाडीच्या बाबतीत मात्र हे आमच्या कधी ध्यानी आले नाही.

निवाडा मग आपोआपच झाला. आधी गाडी दोन बादल्यांनी धुतली. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके खळबळण्यापुरते साधे. टपावर वीतभर जागेत सर्वांत सौम्य पॉलिश व मऊ फोम लावून पाहिले, उन्हात नेऊन पारखले. तेवढ्याने भागते असे दिसल्यावर त्याहून कडक काही वापरले नाही. टप आणि डिकी हेलकावणाऱ्या यंत्राने केली, कडांना चिकटपट्टी लावून. फोमही निळा झाला. पण तिथे द्यावयाला रंग होता. दारे, मुठींच्या खाचा, पन्हळ व दिव्यांच्या कडा हाताने केल्या, फोमच्या ठोकळ्यावर, सरळ रेषेत, उन्हाआड. बॉनेटला पॉलिशचा स्पर्शही केला नाही. तिथे केवळ मेण. प्राइमर उघडा राहिला तर आमच्या खाऱ्या हवेत गंज धरील, म्हणून बारीक ब्रशने त्यावर निळ्या रंगाचा एक हात दिला. तो मूळ रंगाशी जुळला नाही.

दोन दिवसांनी गाडी घरी आली. वाटेत बंधू म्हणाले, "बाबांना त्या जागेचं काही बोलू नका. त्यांना आता दिसत नाही नीट." आम्ही होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. चाळीस वर्षांच्या शनिवारांवर बोट ठेवावे, हे आमच्याही जिवावर आले होते. आणि यंत्र लावले हे लपवावे, हेही मनाला पटत नव्हते.

वडील काठी टेकीत आले. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. टपाकडे पाहून म्हणाले, "एवढं वर कुणाचा हात पोहोचला?"

"हात नाही, बाबा. वर मशीन लावलं," आम्ही म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि तो सरकत सरकत पुढच्या कडेशी आला. बोटांना ब्रशचा उंचवटा लागला. "इथे काय केलंत?"

आम्ही सांगितले. आकडेही सांगितले. फडक्यावरच्या मळाचे सांगताना मात्र आमचा आवाज उतरला.

वडील थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी शोरूममधल्या माणसानं सांगितलं होतं, जास्त घासू नका म्हणून. पण तुमची आई रविवारी मिस्साला निघताना याच बाजूला उभी राहून पदर नीट करायची. तिला तोंड दिसलं पाहिजे ना!"

आईला जाऊन बारा वर्षे झाली. तिच्यामागेही शनिवारचे घासणे चालूच राहिले होते.

विवाहाच्या सकाळी पुतणी गाडीत बसण्यापूर्वी दारापाशी थबकली व तिने काचेत नव्हे, दाराच्या निळ्या रंगात पाहून डोक्यावरचे व्हेल सारखे केले. वडील अंगणातल्या खुर्चीवर बसले होते. त्यांना ते कितपत दिसले, आम्हांस ठाऊक नाही.

संध्याकाळी आम्ही धर्मग्रामाकडे परत निघालो, तेव्हा त्यांनी आम्हांला हाक मारली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला रबिंगचा अर्धा भरलेला डबा आमच्या हाती दिला. म्हणाले, "हा घेऊन जा, फादर. घरात असला की हात राहत नाही."