मिंक ब्लँकेट

आमचे चार माग होते. मी दहावीत असताना कुठल्याशा लग्नातून आहेर म्हणून मिंक ब्लँकेट आलं. बाबांनी ते उलटं करून लेबल बघितलं. मेड इन चायना. "मऊ आहे की," एवढंच म्हणाले आणि आपली सोलापुरी चादर अंगावर ओढली. दोन वर्षांनी माग भंगारात गेले.

चीनवरचा माझा राग तेव्हाचा. पण सोलापुरात राहून तो धड धरताही येत नाही. भैया चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे. १९३८ साली चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत १९४२ मध्ये, ३२व्या वर्षी तिथेच वारले. तिकडे त्यांचा पुतळा आहे.

तिथल्याच १९८९ च्या मुलांचा नाही. १९७८ नंतर डेंग शियाओपिंगनी बाजार खुला केला, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला. मग महागाई भडकली, पुढाऱ्यांची पोरं गब्बर झाली, आणि विद्यार्थी तिआनमेन चौकात बसले. ४ जूनला रणगाडे आले. १९९२ पासून बाजार आणखी मोकळा झाला, बोलणं नाही. मेलेल्यांची नावं आजही तिथे उघड घेता येत नाहीत.

मी मात्र धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन यांच्या पुतळ्यांसमोरून कॉलेजला जायचे. १९३० च्या मार्शल लॉनंतर, १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले. चारही नावं शाळेपासून पाठ.

ब्लँकेट अजून आहे. थंडीत आई काढते. बाबा घेत नाहीत.