फी, एक मुलगी

बारावीनंतरची माझी पहिल्या वर्षाची फी आईच्या भिशीतल्या बायकांनी भरली होती, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. जुनी वही चाळताना. त्या महिन्यापुढे आईच्या अक्षरात एवढंच होतं: ‘फी, एक मुलगी’. मला राग आला. म्हणजे आमच्या औरंगाबादेतल्या (आईच्या तोंडी शहर अजून औरंगाबादच आहे) सगळ्या मावश्यांना माहीत होतं आणि मला नाही? इतकी वर्षं हळदीकुंकवाला त्या माझ्याकडे काय नजरेने बघत असतील?

तो राग उतरला ठाण्यात, एका मैत्रिणीच्या आजीकडे. ती माणसं बेने इस्रायल, मूळची अलिबागकडची. आजींची मराठी माझ्यापेक्षा अस्सल. त्यांच्या आईपासून घरात स्त्री मंडळाचं काम. मुंबईत हे मंडळ 1913 साली निघालं. त्याआधीच्या संस्थांवर नावं पुरुषांची: जुनी मशीद, म्हणजे सिनेगॉग, 1796 मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, 1875 मध्ये शाळा काढणारे केहिमकर. मंडळातल्या बायका मात्र दारोदार जाऊन आणा-दोन आणे गोळा करायच्या, आणि देणाऱ्यांच्या घरीही फार नसायचं, असं आजी सांगत होत्या.

त्या पिढीतल्या एकीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. जेरुशा झिराड. टाटांकडून शिक्षणासाठी कर्ज घेऊन त्या लंडनला गेल्या, 1919 मध्ये एम.डी. झाल्या, पुढे कामा हॉस्पिटल सांभाळलं, 1966 मध्ये पद्मश्री. कर्ज घेऊन शिकल्या याची त्यांना लाज वाटली असेल असं मला तरी वाटत नाही.

आजी म्हणाल्या, त्यांच्याकडे दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात. शब्दाचं मूळ न्यायात आहे, दयेत नाही. बाराव्या शतकातल्या मैमोनिदेस या पंडिताने त्याच्या आठ पायऱ्या लावल्या आहेत. सगळ्यात खाली कुरकुरत देणारा. वरून दुसऱ्या पायरीवर, देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा. आणि सगळ्यात वर, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला असं उभं करणारा, की त्याला पुन्हा मागावं लागू नये.

“पण आजी, एवढ्याशा समाजात कुणाला दिलं ते कळल्याशिवाय राहतं का?”

त्या हसल्या. “कळतं गं सगळ्यांना. पण कळलंय असं दाखवायचं नाही.”

मी गप्प बसले. माझ्या मावश्यांनी नेमकं हेच केलं होतं, तेही इतकी वर्षं, एकदाही न चुकता.

1948 नंतर माणसं इस्रायलला जाऊ लागली. आजींच्या ओळखीची घरं एकेक करून बंद झाली. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या देशात ज्यू उरले 4,650. वर्गणी मागायला जायचं तर दारं हवीत ना, आजी म्हणाल्या, आणि चहाचे कप उचलायला उठल्या.

घरी आल्यावर मी आईपुढे फीची रक्कम ठेवली, वर थोडे जास्त. तिने ते मोजले, जास्तीचे परत केले आणि वही काढली.

“काय लिहू?”

“माझं नाव लिही,” मी म्हणाले.

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं: ‘फी परत, एक मुलगी’.