रांजण आणि परात

आमच्या भंडारदऱ्याला पाण्याची काय वाण! रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली प्रवरा जरा कुठे धावू लागते, तोच १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण तिला अडवते. पावसाळ्यात ते पाणी पाहायला इतकी माणसे लोटतात की शेंडीच्या रस्त्यावर गुरे हाकायची सोय राहत नाही. पाखरे मात्र बेताचीच. खडकावर पंख वाळवीत बसलेला पाणकावळा, एखादा खंड्या, दोन-चार बगळे. एवढ्या पाण्यावर थवे का उतरत नाहीत, हा प्रश्न मला पडला तो हिवाळ्यात कॉलेजच्या सहलीबरोबर नांदूरमध्यमेश्वरला गेलो तेव्हा.

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत कालव्यांसाठी दगडी बंधारा बांधला गेला. दोन्ही नद्यांनी तेथे वर्षानुवर्षे गाळ आणून ओतला. पाणी उथळ झाले, बेटे वर आली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा. पण काडीसारख्या लाल पायांचा शेकाट्या खोल पाण्यात उभा कसा राहणार? चमचा पक्षी चोच डावी-उजवीकडे फिरवीत भक्ष्य चाळतो, तेही उथळातच. आमचे धरण म्हणजे रांजण आणि नांदूर म्हणजे परात. रांजण भरलेला असला तरी चिमणीची चोच पोहोचायला हवी ना!

वारकरी नावाचा पक्षी मला सर्वांत आवडला. अंग काळेभोर, कपाळावर पांढरा टिळा, आणि चालायचे ते दिंडीनेच. नाव ठेवणाऱ्याने पंढरीची वाट नक्की तुडवलेली असणार.

हे १९८६ साली अभयारण्य झाले. आमचे कळसूबाई-हरिश्चंद्रगडही त्याच वर्षीचे. २०२० मध्ये नांदूरला महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला. सर हे कौतुकाने सांगत होते, तेव्हा शेजारी एक म्हातारे शेतकरी उभे होते. ते म्हणाले, "गाळ काढा म्हणावं आधी. पूर आला की पाणी मागं फुगतं." २०१९ च्या पुरात चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरले होते, हे आम्हालाही ठाऊक होते. सर म्हणाले, "बाबा, गाळ काढला तर पाखरे जातील." त्यावर म्हातारबाबा शांतपणे म्हणाले, "पाखरं दुसरं पाणी बघतील. आमी रान कुठं न्यावं?"

सरांचे म्हणणे खोटे नव्हते. अशी उथळ पाणथळ जागा मागून मिळत नाही. तरी माझे मन म्हातारबाबांकडेच ओढले गेले. आजीच्या आजेसासऱ्यांची भातखाचरे धरणात गेली. रान पाण्याखाली जाणे म्हणजे काय, हे आमच्या घरात तीन पिढ्या सांगितले जाते. सगळा गाळ काढू नये, पण पुराच्या वाटेवरचा तरी काढावा, असे मी परतताना गाडीत बोललो. त्यावर घोटीपर्यंत वाद चालला आणि मिटला नाही.

पुढे उन्हाळ्यात जलाशय आटू लागला. रतनवाडीच्या अंगाला, जिथे नदी आत शिरते, तिथे चिखल उघडा पडला. आजीला घेऊन गेलो. आमची खाचरे तिथेच कुठेतरी होती, असे ती दाखवीत होती. त्या चिखलात चार शेकाटे चोची मारीत फिरत होते. आजी बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "कुनाची रं ही पाखरं? खाऊ दे. रान आपलंच हाये."